तू मुलगा की मुलगी?

त्या दिवशी प्राध्यापकांनी माझ्या बहिणीला प्रश्न विचारले. तिने उत्तरे दिली. मी ती लिहून घेतली. प्राध्यापकांनी गुण मांडले, बेरीज केली आणि कागदाच्या तळाशी एक शब्द लिहिला. मग मी दार उघडले आणि रांगेतल्या मुलीला आत बोलावले.

तो शब्द ‘मंद’ असा होता.

मी तेव्हा बेळगावच्या कॉलेजात ज्युनिअर बी.ए.ला होते. तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र हे माझे विषय. मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक पुण्याहून आलेले होते आणि एक प्रबंध लिहीत होते. या भागातल्या मुलांची बुद्धी मोजायची, असा त्यांचा विषय होता. परदेशातल्या प्रश्नमाला त्यांनी मराठीत उतरवल्या होत्या. प्रश्न विचारताना मुलावरची नजर हलता कामा नये, म्हणून उत्तरे लिहून घ्यायला त्यांना दुसरे माणूस हवे होते. एकदा तास संपताना त्यांनी वर्गात विचारले, “कोण येईल? पगार नाही, प्रमाणपत्र नाही. चहा मात्र मिळेल.” मुलगे हसले. मी हात वर केला. कॉलेजात मी आपणहून हात वर केल्याचे मला तरी दुसरे उदाहरण आठवत नाही.

मला ते काम फार आवडले. सरांची एक चपटी पेटी होती. तिच्यात लाकडी ठोकळे, पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रे आणि टिकटिक न करणारे एक घड्याळ असे. महायुद्धामुळे कागद मिळत नव्हता, म्हणून फॉर्मच्या दोन्ही बाजूंना बारीक अक्षरात लिहावे लागे. सरांनी मला पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता. “ऐकाल ते लिहा. सुधारू नका. एक अक्षर गाळू नका.” हा नियम मी पाळला. माझे अक्षर चांगले होते आणि मला त्याचा अभिमान होता.

इथे माझ्या बोलण्याविषयी सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. आमचे घर वडगावात, विणकरांच्या गल्लीत. तिथे बायकासुद्धा ‘मी आलो, मी गेलो, मी जेवलो’ असेच म्हणतात. आई म्हणते, मावशी म्हणते, गल्लीतली शंभरीला टेकलेली म्हातारीही म्हणते. त्यात पुरुषासारखे काही आहे असे तिथे कुणाच्या मनातही येत नाही. कॉलेजच्या पहिल्या महिन्यात मुलींच्या खोलीत शिरता शिरता मी म्हणाले, “मी आत्ताच आलो.” पुण्यात वाढलेल्या एका मुलीने माझ्या पाठीमागे वाकून पाहिले. “कोण आले गं? कुठे आहेत ते?” ते हसणे दोन दिवस चालले. मग मी वडगावपासून कॉलेजपर्यंत पायी जाताना ओठांत म्हणत राहिले, आले, गेले, जेवले. दिवाळीच्या सुटीपर्यंत मला ते जमले. घरी ‘आलो’, कॉलेजात ‘आले’. वाटेतले रेल्वेचे फाटक ओलांडले की जीभ आपोआप बदलायची.

सरांनी वडगावच्या मुलींच्या शाळेत चाचण्या घ्यायचे ठरवले तेव्हा मला आनंदच झाला होता. माझी धाकटी बहीण तिथे चौथीत होती. बारा वर्षांची, शाळेत उशिरा घातलेली. आमचे वडील, आप्पा, मागावर बसून सुताच्या तारांचा हिशेब तोंडाने करीत, तो पुरा व्हायच्या आत ती आकडा सांगायची. माझी पुस्तके उलटी धरून वाचून दाखवायची. ती आता सरांना थक्क करणार, असे मला वाटत होते.

“घाबरायचं नाही हं,” सर तिला म्हणाले. ते मुलांशी गोड बोलत. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. रागाच्या भरात मी त्यांचा राक्षस केला असे कुणी म्हणायला नको.

“काल दिवसभर काय काय केलंस, सांग बघू.”

धाकटीने माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. “काल व्हय? सकाळी उठलो, आप्पास्नी कांड्या भरून दिलो. मग शाळंला आलतो. मग घरला जाऊन जेवलो.”

सरांची मान वर झाली. “कोण आलं होतं शाळेला?”

“मी.”

“मग ‘आलतो’ कसं? तू मुलगा आहेस का?”

“न्हाय की.”

“मग?”

काय विचारले जात आहे तेच तिला कळेना. सरांनी प्रश्नमालेची पाने मागे मागे उलटली आणि अगदी लहान मुलांसाठीच्या पानावर थांबले. तीन-चार वर्षांच्या मुलांना विचारायचा एक प्रश्न तिथे होता. तो त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारला.

“तू मुलगा, की मुलगी?”

तिला वाटले, सर चेष्टा करताहेत. आमच्या गल्लीत चेष्टेला चेष्टेनेच उत्तर देतात. गप्प बसले तर माणूस रुसला असे समजतात. तिने हसू ओठांत धरले आणि म्हणाली, “का वो? तुमास्नी दिसंना व्हय?”

मी ते लिहिले. एक अक्षर गाळले नाही.

सर हसले नाहीत. मग तिने माझ्याकडे पाहिले. मीही हसले नाही. त्यानंतर ती बदलली. आकडे सांगितले की ती ते बिनचूक परत म्हणायची, उलट क्रमानेही म्हणायची. पण बोलायचे आले की अडायची. क्रियापदात काहीतरी चुकते आहे एवढे तिने ओळखले होते, म्हणून तिने क्रियापदच सोडून दिले. “घरी गेल्यावर काय करतेस?” “मी... रहाट. मग भाकरी.” “सुटीत कुठं गेली होतीस?” “मामाकडं... येळ्ळूर.” प्रत्येक उत्तरानंतर ती माझ्या टाकाकडे बघत होती.

शेऱ्याच्या रकान्यात सरांनी लिहिले: ‘स्वतः मुलगी आहे हे निश्चित सांगता येत नाही. वाक्य पूर्ण करता येत नाही.’ आणि तळाशी तो शब्द.

ती बाहेर गेल्यावर त्यांनी विचारले, “तुमची बहीण ना? वाईट वाटून घेऊ नका. शास्त्राला नातं नसतं.”

“हो, सर,” मी म्हणाले.

एका वाक्याचे काम होते. सर, इकडे बायका असेच बोलतात. वाक्य जिभेवर आले होते. पण त्यावर ते विचारणार, “तुम्हीसुद्धा?” म्हणून मी ते गिळले.

घरी जाताना धाकटी म्हणाली, “आक्का, त्यांनी तसं का इचारलं गं? मी काय चुकलो?”

“काय चुकली न्हाईस.”

“मग तू हसली का न्हाईस?”

मी भरभर पुढे चालू लागले.

सरांच्या शेऱ्यांची यादी शाळेकडे गेली. पाचवीसाठी मुलींना खडेबाजारापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायचे असे, आणि कुणाला पाठवायचे हे मुख्याध्यापिकाबाई ठरवत. त्यांनी सरांचा शब्द रजिस्टरात उतरवला आणि आप्पांना बोलावले. आप्पा लग्नातला कोट घालून शाळेत गेले. परत येऊन ते कोट न काढताच उंबऱ्यावर बसले.

“शिकल्यालं मानूस,” ते म्हणाले, “घड्याळ लावून बघितलंय पोरीला. उगंच लिवंल व्हय?”

आई म्हणाली, “अवो, मोठी बी तितंच बसल्याली की. तिला इचारा.”

“व्हय गं? खरं काय?”

“त्यांनी नियमानं लिहिलंय,” मी म्हणाले.

आप्पांनी मान डोलावली. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. दुसऱ्या दिवसापासून धाकटी दिवसभर रहाटावर सुताच्या कांड्या भरीत बसू लागली.

काही महिन्यांनी मी धीर करून सरांकडे गेले आणि तिची चाचणी पुन्हा घ्या म्हणाले. त्यांनी कारण विचारले तेव्हा मी म्हणाले, ती घाबरली होती.

“प्रत्येकाची बहीण घाबरलेलीच असते,” ते हसून म्हणाले. “गुण बदलायचे तर नवं कारण हवं. आहे?”

“नाही, सर.”

तेरावे वर्ष सरले तसे तिला निपाणीकडचे स्थळ आले. तंबाखूच्या कामातले घर. आप्पा सरळ माणूस. बोलणी चालू असताना ते आपणहून म्हणाले, “पोर कामाला खरी हाय. पर जरा मंद हाय, सायबानं लिवून दिलंय. मागनं म्हनू नका, सांगितलं न्हाय.” पाहुण्यांनी आपसात पाहिले आणि सुपारी फुटली.

लग्नानंतर मी एकदाच तिच्याकडे गेले. सासू तिला हाक मारीत होती, “ए मंदे, पानी आन.” तिचे नाव दुसरेच होते. पण तिथल्या गल्लीतल्या बायकांना तिचे नाव मंदाच वाटत होते, एक शेजारीण मला म्हणालीसुद्धा, “तुमची मंदा लई गप गं बाई.” धाकटीने माझ्यासमोर ते दुरुस्त केले नाही. मीही केले नाही.

पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. पोटात एका बाजूला आग पडली आहे असे ती सांगत होती. सासू म्हणायची, “तिला काय कळतंय? कायबी बोलती.” डॉक्टर आणला तो नवव्या दिवशी. आप्पा आणि मी मोटारीने निपाणीला उतरलो तेव्हा सगळे आटोपले होते. तापाचे हे सारे मला शेजारणीने सांगितले, तीच शेजारीण, मंदा म्हणणारी. जाताना ती म्हणाली, “शेवटाला लई बोलत हुती गं. कुनी ध्यान दिलं न्हाई.”

तेराव्यानंतरच्या सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले आणि मध्ये सोडलेले काम पुन्हा करायचे आहे असे सांगितले. त्यांना माझ्या घरी काय झाले ते माहीत नव्हते. ते खूश झाले. “तुमच्यासारखी निष्ठा हल्ली दिसत नाही,” म्हणाले.

काय करायचे ते माझ्या मनात तेव्हा ठरलेले नव्हते. त्यांचे काहीतरी मोडायचे एवढेच ठरले होते. त्यासाठी ते आधी पुरते उभे राहायला हवे होते.

दोन हिवाळे मी त्यांच्याबरोबर हिंडले. बी.ए. झाल्यावरही थांबले. येळ्ळूर, काकती, आणखी लहान लहान गावे. शाळेच्या पडवीत एक टेबल, तीन खुर्च्या. मुली येत आणि म्हणत, मी आलो, मी बसलो, मी ऐकलो. सर गुण कापीत. मी जसेच्या तसे लिहीत असे. प्रत्येक ‘आलो’ला मी मनात म्हणे, रचा. अजून रचा. त्या मुलींच्या नावापुढे काय लिहिले गेले, त्यांचे पुढे काय झाले, याची मी चौकशी केली नाही. मला एकच मुलगी दिसत होती. याबद्दल मला कुणी बोल लावला तर तो खरा आहे.

सरांचा सिद्धान्त तयार झाला होता. मराठी आणि कानडी अशा दोन भाषांच्या कचाट्यात वाढलेल्या या मुलांना स्वतःविषयीचे साधे भानही उशिरा येते, आणि मुलींना तर आणखी उशिरा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर त्यांनी एक अख्खे प्रकरण लिहिले. ते स्वच्छ अक्षरात उतरवून काढायचे काम माझे. मी सावकाश उतरवले. एक खाडाखोड होऊ दिली नाही.

प्रबंध मुंबईला रवाना करायच्या आदल्या रविवारी त्यांनी मला घरी चहाला बोलावले. त्यांच्या पत्नीने शिरा केला होता.

“प्रस्तावनेत तुमचे आभार मानलेत,” सर म्हणाले. “तुमच्या हस्ताक्षरावर सगळं उभं आहे, असंच लिहिलंय.”

मी कप खाली ठेवला. “सर, काही फॉर्म मी खोटे लिहिले आहेत.”

“काय?”

“मुलं बोलली नाहीत ते लिहिलं आहे. काही फॉर्मांत.”

“कुठल्या?”

“ते सांगणार नाही.”

हे वाक्य मी पायी जाता-येता ओठांत घोकले होते, पूर्वी ‘आले, गेले’ घोकत असे तसे.

आधी ते हसले. मग उठून आतून गठ्ठे आणले आणि जाजमावर पसरले. एकेक फॉर्म माझ्यापुढे धरू लागले. “हा? काकतीचा हा? इथं अक्षर जरा घाईचं आहे. हा ना?” मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत होते.

पत्नी म्हणाल्या, “अहो, चेष्टा करत असेल ती.”

“ती चेष्टा करत नाही,” सर म्हणाले. “कधीच करत नाही.” मग माझ्याकडे वळून, “का? मी तुमचं काय वाईट केलं?”

“वडगावची एक मुलगी होती. ‘आलतो’ म्हणायची.”

“कुठली? पुष्कळ मुली म्हणतात. त्यावर तर प्रकरणच—”

त्यांना ती आठवत नव्हती. शास्त्राला नातं नसतं म्हणालेलेही आठवत नव्हते.

“सर, इकडच्या बायका तसंच बोलतात,” मी म्हणाले. “माझी आई बोलते. मी घरी बोलते. आपण पुरुष आहोत असं आमच्यातल्या एकीलाही वाटत नाही.”

ते जाजमावरच बसले. त्या प्रकरणाचे काय झाले ते त्यांना कळले, हे मला त्यांच्या तोंडावर दिसले. ते बघायलाच मी दोन वर्षे थांबले होते, आणि मी पोटभर बघितले.

मग त्यांनी विचारले, “हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?”

प्रश्न बरोबर होता. आईने, आप्पांनी, कुणीच तो मला विचारला नव्हता, कारण विचारण्यासारखे काही आहे हेच त्यांना माहीत नव्हते. मी पुन्हा कॅलेंडराकडे पाहिले. त्यांना वाटले, मी अडवून धरते आहे.

“मी त्या शाळेला पत्र लिहितो,” ते म्हणाले. “आत्ताच लिहितो. माझी चूक झाली म्हणून. सही करतो, रजिस्टरातलं खोडायला लावतो. मग सांगाल कुठले फॉर्म ते?”

“ती माझी बहीण होती. वारली, सर.”

पत्नींनी शिऱ्यावर ताट झाकले. मी उठले.

घरी गेल्यावर मला फार दिवसांनी भूक लागली. आईने भाकरी वाढली. मी तीन खाल्ल्या.

खरी गोष्ट अशी की एकही फॉर्म मी खोटा लिहिला नव्हता. सरांनी पहिल्या दिवशी जसे सांगितले होते तसे मी शेवटपर्यंत केले होते. प्रत्येक कागद खरा होता, आणि आता त्यातला एकही त्यांच्या उपयोगाचा नव्हता. त्यांना ते कधी कळणार नाही, या विचाराने मला कित्येक दिवस बरे वाटत असे. अजूनही वाटते. त्यांनी प्रबंध पाठवला नाही. काही मुलांना परत गाठायचा प्रयत्न केला, पण मुले पुढे निघून गेली होती, कुणी कामाला, कुणी लग्न होऊन. वर्ष संपल्यावर ते नोकरी सोडून दूर कुठेतरी गेले. तिकडे आता दुसराच विषय शिकवतात असे ऐकले. ऐकून मला आनंद झाला.

पुढे एकदा दाखला आणायला मी कॉलेजात गेले होते. शिपाई जिन्यात भेटला. गप्पिष्ट माणूस. “काय बाई, सायब गेलं की तुमचं!” तो म्हणाला. “जाताना काय केलं ठावं हाय का? त्यो सगळा कागदाचा ढीग मला म्हनलं, बंबात घाल. पंधरा दिस त्येंच्या घरचं पानी कागदावर तापलं बगा. लाकडाची फोड म्हनून लागली न्हाय.”

मी हसले. तोही हसला. मी दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

तिचा फॉर्म त्यातच होता. सर्वांत जुना गठ्ठा, वडगाव शाळेचा. माझ्या हातचा, दोन्ही बाजूंनी भरलेला. ती काय बोलली ते जसेच्या तसे कुणी लिहून घेतले असेल, तर ते त्याच कागदावर. त्या रविवारी गठ्ठे जाजमावर पसरले होते तेव्हा हात पुढे करून मला तो घेता आला असता. सरांनी तर स्वतःच माझ्यापुढे फॉर्म धरले होते. मी कॅलेंडराकडे बघत होते.

मी आता शहापुरात मुलींच्या शाळेत शिकवते. आप्पा अजून माग चालवतात; त्यांना मी काही सांगितलेले नाही. वडगावच्या शाळेच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे तो शब्द आहे. तो खोडण्याचा अधिकार ज्यांना होता ते गेले. तिचा फोटो कधी काढला नव्हता. तिच्या तोंडची म्हणून मला खात्रीने आठवतात अशी थोडीच वाक्ये उरली आहेत. ती मी वर लिहिली आहेत.